चहातलं कॅफीन, न जुळणारा सीएचएन रिपोर्ट आणि सात टक्क्यांचा हिशोब

जुलैचा दुसरा आठवडा. कोकणातला पाऊस, लॅबच्या भिंतीला हात लावला तरी ओल लागते असे दिवस, आणि आमची एमएस्सी सेकंड इयरची प्रोजेक्टवाली मुलगी सीएचएन रिपोर्टची प्रिंट घेऊन दारात उभी. चेहरा पार पडलेला. "मॅडम, सगळंच चुकलंय." मी कागद घेतला. सीएचएन म्हणजे सॅम्पलमध्ये कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजन वजनाने किती टक्के ते सांगणारी तपासणी. कार्बन ४६.०५, हायड्रोजन ५.६२, नायट्रोजन २६.८० टक्के. शुद्ध कॅफीनचं यायला हवं होतं कार्बन ४९.४८, हायड्रोजन ५.१९, नायट्रोजन २८.८५. बहुतेक जर्नल्स ०.४ टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतात आणि इथे एकटा कार्बनच जवळजवळ साडेतीन टक्क्यांनी खाली.

असा रिपोर्ट आला की काय होतं ते मी बरीच वर्षं बघतेय. सॅम्पल पुन्हा पाठवतात, नाही जुळलं तर दुसऱ्या सेंटरला पाठवतात, तरी नाही जुळलं तर कंपाउंडच बाजूला ठेवून देतात, आणि जो कागद आला होता तो वाचायचा राहूनच जातो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण त्या तीन आकड्यांत उत्तर बसलेलं असतं. या मुलीच्या बाबतीत आम्ही कागद वाचला, म्हणून सगळं नीट लिहून ठेवतेय.

आधी प्रोजेक्ट काय होता ते सांगते. बाजारातल्या वेगवेगळ्या चहा पावडरींमधलं कॅफीन यूव्हीवर, म्हणजे अतिनील प्रकाश किती शोषला जातो त्यावरून मोजायचं, २७३ नॅनोमीटरला. त्यासाठी स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठी शुद्ध कॅफीन लागतं, आणि ते विकत न आणता स्वतः चहातून काढून शुद्ध करायचं असं तिचंच म्हणणं होतं. मलाही पटलं, कारण हात त्याशिवाय बसत नाही. अडीचशे ग्रॅम चहा पावडर तिने थोडी थोडी करून सोडियम कार्बोनेट घातलेल्या पाण्यात उकळली (कार्बोनेटमुळे टॅनिन्स पाण्यातच राहतात, नाहीतर तेही कॅफीनबरोबर सॉल्व्हंटमध्ये येतात), गार करून सेपरेटिंग फनेलमध्ये डायक्लोरोमिथेनने एक्स्ट्रॅक्ट केली. फनेल जोरात हलवलं की इमल्शन होतं आणि मग तासन् तास थर सुटत नाही, हा धडा पहिल्याच दिवशी मिळाला. सॉल्व्हंट उडवल्यावर हिरवट पिवळी पावडर उरली, ती तिने पाण्यातून रिक्रिस्टलाइज केली, म्हणजे गरम पाण्यात विरघळवून, गार करून पुन्हा स्फटिक पाडले. पाणी यासाठी फार सोयीचं, कारण उकळत्या १०० मिली पाण्यात ६०-६५ ग्रॅम कॅफीन विरघळतं आणि गार पाण्यात जेमतेम २ ग्रॅम. हाताला सुमारे ३ ग्रॅम आले. पांढऱ्याशुभ्र, रेशमाच्या धाग्यासारख्या लांब सुया, वॉच ग्लासवर ठेवल्या की उजेडात चमकत होत्या. फिल्टर पेपरवर दाबून, रात्रभर झाकून ठेवून, सकाळी बाटलीत भरल्या.

ही शेवटची ओळ लक्षात ठेवा.

मग तिने सगळ्या तपासण्या केल्या, आणि व्यवस्थित केल्या. मेल्टिंग पॉइंट २३५-२३६, पुस्तकातल्यासारखा. टीएलसीवर (भेसळ असेल तर एकाहून जास्त ठिपके दिसतात) एकच स्पॉट. आयआर, म्हणजे इन्फ्रारेड स्पेक्ट्रम, कॅफीनच्या आयआरशी जुळला, फक्त ३४०० च्या आसपास पाण्याचा असतो तसा एक रुंद फुगवटा होता, त्याला आम्ही सगळ्यांनीच "केबीआरला ओल लागली असेल, पावसाळा आहे" म्हणून सोडून दिलं (केबीआर म्हणजे पोटॅशियम ब्रोमाइड, आयआरसाठी सॅम्पल त्यात मिसळतात). एनएमआरमध्ये (रेणूतले हायड्रोजन कुठे आहेत ते दाखवणारी तपासणी) तिन्ही मिथाइल आणि आठव्या कार्बनवरचा एकुलता एक प्रोटॉन जिथल्या तिथे, आणि १.५६ ला पाण्याचा पीक, जो ड्यूटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये नेहमीच थोडाफार दिसतो. तोही सोडला. म्हणजे बघा, चार तपासण्यांपैकी दोन जणींनी हळू आवाजात काहीतरी सांगितलं होतं आणि आम्ही दोन्ही वेळा दुसऱ्यावर ढकललं, एकदा केबीआरवर आणि एकदा सॉल्व्हंटवर.

मेल्टिंग पॉइंट बरोबर का आला हे नंतर कळलं, पण आत्ताच सांगून टाकते. पाणी १०० च्या आसपासच निघून जातं, त्यामुळे कॅपिलरी २३५ ला पोचेपर्यंत आत कोरडं कॅफीनच उरलेलं असतं. तो मेल्टिंग पॉइंट खरा होता, फक्त बाटलीतल्या पदार्थाचा नव्हता.

तर त्या दिवशी तिचा पहिला प्रश्न, "मॅडम, त्यांचं मशीन बिघडलं असेल का?" प्रश्न योग्यच आहे, विचारायलाच हवा. पण त्याचं उत्तर अंदाजाने देता येत नाही, मशीन आत काय करतं ते माहीत असावं लागतं.

सीएचएन ॲनालायझरमध्ये २-३ मिलिग्रॅम सॅम्पल कथलाच्या म्हणजे टिनच्या बारक्या कॅप्सूलमध्ये घडी घालून ठेवतात. ती कॅप्सूल साधारण ९०० ते १००० अंशांच्या नळीत पडते, त्याच क्षणी ऑक्सिजनचा एक डोस सोडतात, टिन भडकून जळतं आणि तेवढ्यापुरतं तापमान आणखी बरंच वर जातं. कार्बनचा कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजनचं पाणी, नायट्रोजनचा नायट्रोजन आणि त्याचे ऑक्साइड्स. पुढे तापलेलं तांबं असतं, ते उरलेला ऑक्सिजन खातं आणि नायट्रोजनच्या ऑक्साइड्सना परत साधा नायट्रोजन करतं. मग हेलियमच्या प्रवाहात हे वायू कॉलममधून वेगवेगळे होऊन डिटेक्टरवर येतात, तीन पीक, तीन टक्केवाऱ्या. ऑक्सिजन यात मोजलाच जात नाही, मोजणार तरी कसा, आपणच बाहेरून ओततोय. तो शंभरातून वजा करून काढायचा, आणि या वजाबाकीत एक धोका आहे, सॅम्पलमध्ये दुसरं जे काही असेल, क्लोरीन, सोडियम, राख, ते सगळं मुकाट्याने "ऑक्सिजन" म्हणून धरलं जातं.

मूळ कल्पना जुनीच आहे. बारावीत आपण जी गणितं करतो, कार्बन डायऑक्साइडच्या वजनाला १२/४४ ने गुणा, पाण्याच्या वजनाला २/१८ ने गुणा, ती गणितं लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या कामातली आहेत. जर्मनीतल्या गीसेनला १८३१ मध्ये त्याने पाच फुग्यांचं काचेचं उपकरण आणलं, कालीॲपारात, ज्यात पोटॅशचं, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण भरायचं. पदार्थ कॉपर ऑक्साइडबरोबर जाळायचा, पाणी आधी कॅल्शियम क्लोराइडच्या नळीत अडकतं, कार्बन डायऑक्साइड पुढे पोटॅशच्या फुग्यांत, आणि दोन्हीचं वजन आधी किती नंतर किती एवढंच बघायचं. तोपर्यंत वायूंचं आकारमान मोजत बसावं लागायचं, ते काम किचकट आणि बेभरवशाचं. हे उपकरण इतकं महत्त्वाचं ठरलं की अमेरिकन केमिकल सोसायटीच्या चिन्हात आजही ते पाच फुगे आहेत. पण लीबिगला अर्ध्या ग्रॅमच्या घरातला पदार्थ लागायचा. तीच पद्धत काही मिलिग्रॅमवर आणली ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ प्रेगलने, कारण पित्तातली आम्लं खटाटोप करून वेगळी केल्यावर त्याच्या हाताला पदार्थच इवलासा उरत होता. १९२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला या मायक्रोॲनालिसिससाठीच मिळालं.

आणि एक गोष्ट मला फार आवडते. कॅफीन १८१९ मध्ये रुंगेने कॉफीतून काढलं, १८२७ मध्ये उद्रीने चहातून एक पदार्थ काढला आणि त्याला थीन असं वेगळं नाव दिलं, आणि १८३८ मध्ये मुल्डर आणि योब्स्ट यांनी दाखवलं की थीन आणि कॅफीन एकच. आमच्या मुलीच्या बाटलीतली वस्तू म्हणजे त्या थीनचीच पुढची पिढी.

परत मशीनकडे. सेंटरवाल्यांनी रिपोर्टबरोबर त्याच दिवशीच्या स्टँडर्डचे, म्हणजे टक्केवारी आधीच माहीत असलेल्या पदार्थाचे आकडे दिले होते, हे फार चांगलं केलं. ॲसिटॅनिलाइड होतं, त्याचं गणिताने कार्बन ७१.०९, हायड्रोजन ६.७१, नायट्रोजन १०.३६, आणि मिळालेलं ७१.१५, ६.६८, १०.३२. म्हणजे मशीन ठणठणीत. तरी ती म्हणाली, "पण ॲसिटॅनिलाइडमध्ये नायट्रोजन दहा टक्केच, आपल्यात जवळजवळ तीनपट आहे, नीट जळलं नसेल तर?" हा मुद्दा मला खूप आवडला. जास्त नायट्रोजनवाली कंपाउंड्स खरंच त्रास देतात. जुन्या नळीच्या पद्धतीत तर तांब्याची जाळी नीट तापलेली नसेल तर नायट्रोजनचे ऑक्साइड्स पोटॅशमध्ये शिरायचे आणि कार्बन असतो त्याहून जास्त दिसायचा. पण आपला कार्बन कमी आलाय. अर्धवट जळलं असतं तर कार्बन एका प्रमाणात पडला असता, नायट्रोजन भलत्याच प्रमाणात, आणि दोन रनमध्ये आकडे हलले असते. इथे दोन रन होते, कार्बन ४६.०१ आणि ४६.०९, नायट्रोजन २६.७७ आणि २६.८३, हायड्रोजन ५.६० आणि ५.६४. इतकं जवळजवळ येतंय म्हणजे मशीन तेच तेच प्रामाणिकपणे सांगतंय.

मग मी तिला म्हटलं, "अगं, टक्के बाजूला ठेव, भागाकार कर." मिळालेला कार्बन भागिले हवा असलेला कार्बन, ४६.०५ भागिले ४९.४८, आलं ०.९३१. नायट्रोजनचं तसंच, २६.८० भागिले २८.८५, आलं ०.९२९. ती कॅल्क्युलेटरकडे बघतच राहिली, कारण दोन्ही ठिकाणी ९३ टक्के. याचा अर्थ बाटलीत ९३ टक्के कॅफीनच आहे, आणि उरलेल्या ७ टक्क्यांत जे आहे त्यात कार्बन नाही आणि नायट्रोजनही नाही. कॅफीनमध्ये कार्बन आणि नायट्रोजनचे अणू ८ ला ४, ते नातं कुठेही बिघडलेलं नाही.

आता संशयित तीन. पहिला डायक्लोरोमिथेन, एक्स्ट्रॅक्शनमधून अडकून राहिलेला. दुसरा सोडियम कार्बोनेट किंवा तसलंच काही अकार्बनी, धुताना राहून गेलेलं. तिसरा पाणी. बाकीचे दोन मनातून काढून टाकायचे नाहीत, आकड्यांनी काढायचे, आणि तिथे हायड्रोजन कामाला आला. डायक्लोरोमिथेन असतं तर हायड्रोजन कमी व्हायला हवा, कारण त्या रेणूचं बहुतेक वजन क्लोरीनचं, हायड्रोजन नावालाच. आम्ही कागदावर करून बघितलं, दर पाच कॅफीनमागे एक डायक्लोरोमिथेन धरलं तर कार्बन ४६.६ येतो, म्हणजे जवळपास तसाच, पण हायड्रोजन ४.९६ येतो. कार्बनवर एकट्यावर विसंबलो असतो तर इथेच फसलो असतो. सोडियम कार्बोनेट असतं तरी हायड्रोजन खालीच गेला असता, त्यात तो औषधालाही नाही. आपल्याकडे तर हायड्रोजन वर गेलाय, ५.१९ चा ५.६२. तीन मूलद्रव्यांपैकी दोन खाली आणि एक वर, हे बघितल्यावर माझ्या मनात तरी शंका उरली नव्हती, पण तिच्या मनात उरू नये म्हणून पुढचं गणित तिलाच करायला लावलं.

९३ टक्के कॅफीन, त्याच्या वाट्याचा हायड्रोजन ०.९३ गुणिले ५.१९, म्हणजे ४.८३. मिळालाय ५.६२. वरचा ०.७९ त्या सात टक्क्यांचा. ०.७९ भागिले ७, म्हणजे त्या अनोळखी वस्तूत हायड्रोजन ११.३ टक्के. "आता पाण्यात हायड्रोजन किती टक्के असतो सांग." तिने २ भागिले १८ केलं. ११.१. नीट अणुभार घेतले तर ११.१९.

ती काही बोलली नाही, बाटली उचलून उजेडात धरून बघत राहिली.

आता तेच दुसऱ्या वाटेने, नेहमीच्या एम्पिरिकल फॉर्म्युल्याच्या, म्हणजे अणूंचं साधं प्रमाण काढायच्या रीतीने. ऑक्सिजन वजाबाकीने २१.५३. प्रत्येकाला आपापल्या अणुभाराने भागलं की कार्बन ३.८३४, हायड्रोजन ५.५७५, नायट्रोजन १.९१३, ऑक्सिजन १.३४६. शाळेतली सवय म्हणजे सगळ्यात लहान आकड्याने भागायचं, इथे ऑक्सिजनने. तसं केलं की २.८५, ४.१४, १.४२, १ असलं काहीतरी विचित्र येतं आणि पोरं म्हणतात उत्तर चुकलं. पण इथे ऑक्सिजनच तर सगळ्यात अविश्वासू, तो वजाबाकीतून आलाय आणि पाण्याचाही ऑक्सिजन त्यातच मिसळलाय. त्याऐवजी ज्याच्यावर विश्वास आहे तो धरा, नायट्रोजन ४ माना. मग कार्बन ८.०२, हायड्रोजन ११.६६, ऑक्सिजन २.८१. कॅफीन म्हणजे सी८ एच१० एन४ ओ२, ते यातून काढून घ्या, उरतात हायड्रोजन १.६६ आणि ऑक्सिजन ०.८१. दोनास एक. पाणीच, आणि तेही दर कॅफीनमागे सुमारे ०.८ रेणू. लक्षात ठेवायला सांगितलेली ओळ आठवा, पाण्यातून काढलेल्या सुया ओव्हनमध्ये न सुकवताच बाटलीत भरल्या होत्या.

०.८ बघून ती पुन्हा अडखळली, "मॅडम, पूर्ण एक यायला नको?" तिच्या डोक्यात मोनोहायड्रेट होतं, म्हणजे स्फटिकात दर रेणूमागे पाण्याचा एक रेणू अडकलेला, बऱ्याच ठिकाणी कॅफीन हायड्रेटला सरसकट तसंच म्हणतात. पण मोनोहायड्रेटचा कार्बन ४५.२८ यायला हवा, आपला ४६.०५, पाऊण टक्क्याचा फरक आहे, तो चालवून घेण्यासारखा नाही. कॅफीनच्या हायड्रेटमध्ये पाणी स्फटिकाच्या आत लांब बोगद्यांसारख्या जागेत बसतं आणि तिथे ते पूर्ण एकास एक मावत नाही, पाच कॅफीनमागे चार पाणी असं बसतं, म्हणजे बरोबर ०.८. त्याचं गणित केलं तर कार्बन ४६.०६, हायड्रोजन ५.६१, नायट्रोजन २६.८६. आपला रिपोर्ट ४६.०५, ५.६२, २६.८०. सगळं चुकलंय म्हणून जो कागद आला होता तो ०.१ टक्क्याच्या आत बरोबर होता, फक्त आपण त्याला चुकीच्या फॉर्म्युल्याशी ताडून बघत होतो.

कागदावरचं कागदावर, पाणी प्रत्यक्ष काढून दाखवल्याशिवाय मी ते मान्य करू देत नाही. दुसऱ्या दिवशी तिने वजन केलेल्या बाटलीत ०.५०२० ग्रॅम घेतलं, ओव्हनमध्ये १००-१०५ ला एक तास, डेसिकेटरमध्ये गार, परत वजन. तासाहून जास्त ठेवू नको असं बजावलं होतं, कारण कॅफीन उडून जातं, सब्लाइम होतं, मग पाण्याबरोबर कॅफीनही घटीत मोजलं जाईल. वजन आलं ०.४६७५. घट ०.०३४५ ग्रॅम, ६.८७ टक्के. पाचास चार हायड्रेटला ६.९१ हवं, मोनोहायड्रेट असतं तर ८.४९. आणि बाटलीचं झाकण काढून तिने सुया वॉच ग्लासवर ओतल्या तेव्हा दिसलं, आकार तोच, लांबीही तीच, पण चमक पार गेलेली, खडूसारख्या पांढऱ्या आणि अपारदर्शक, चिमट्याने उचलायला गेलं की भुगा. पाणी निघून गेल्याची यापेक्षा स्पष्ट खूण मी तिला दाखवू शकले नसते.

कोरडं केलेलं सॅम्पल घट्ट बुचाच्या बाटलीत, पॅराफिल्म लावून परत पाठवलं. या वेळी कार्बन ४९.३९, हायड्रोजन ५.२४, नायट्रोजन २८.७९. तिन्ही ०.४ च्या आत, आरामात.

इथे प्रकरण मिटलं असं तिला वाटलं होतं, पण खरा त्रास पुढेच होता. तीन आठवडे तिने यूव्हीवर जी रीडिंग्ज घेतली होती ती याच ओल्या स्टँडर्डवर. १० मिलिग्रॅम कॅफीन तोललं असं वहीत लिहिलेलं, प्रत्यक्षात त्यात कॅफीन ९.३ मिलिग्रॅमच, बाकी पाणी. म्हणजे कॅलिब्रेशनची, ज्या मोजपट्टीशी चहा ताडायचा तिची, प्रत्येक पायरी सात टक्क्यांनी फुगवलेली आणि प्रत्येक चहातलं कॅफीन असतं त्याहून जास्त दिसलेलं. सीएचएन पाठवलंच नसतं तर हे कुणाच्याच लक्षात आलं नसतं, मेल्टिंग पॉइंट, टीएलसी, सगळं पास होतं. सात टक्के म्हणजे मोठी चूक वाटत नाही, पण दोन पावडरींमधला फरक सांगताना आकडे खरे हवेत की नकोत? आणि हाच आकडा दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी ताडायचा झाला की सगळं कोसळतं.

सुदैवाने चूक सगळीकडे सारखी होती, म्हणून दुरुस्त करता आली. कोरड्या कॅफीनचं वजन भागिले हायड्रेटचं वजन, १९४.१९ भागिले २०८.६०, म्हणजे ०.९३१, या एका आकड्याने सगळी टेबलं गुणायची. पण नुसतं गुणून मोकळं होऊ नको, निदान एक पावडर नवीन स्टँडर्डवर परत मोज असं सांगितलं. तिने पहिली पावडर घेतली, जुना आकडा ३.१८ टक्के, गुणून २.९६. मग ओव्हनमध्ये सुकवलेलं कॅफीन तोलून नवीन स्टॉक केला, नवीन कॅलिब्रेशन काढलं, तीच पावडर परत उकळली. संध्याकाळी सहाला लाइट जायच्या आत रीडिंग घेतलं आणि वही माझ्यासमोर ठेवली, २.९८.

प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये तिने पहिला सीएचएनही लावलाय, दुसऱ्याच्या आधी, हायड्रेटच्या फॉर्म्युल्यासकट. जुनी बाटलीही तिने टाकलेली नाही. वरचं लेबल बदललंय, "कॅफीन" खोडून "कॅफीन, पाचास चार हायड्रेट, स्टँडर्डसाठी वापरू नये", खाली तारीख.